आत्याबाईंची पसंती

सणसरच्या बारशातला ताजा पेच: 'कियांशी' जास्तच नटवं होतंय का? आत्याबाईंच्या मते मुळीच नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये याहून झालरदार नावं शिल्लक आहेत. आजी 'काशी' म्हणून मोकळी झाली. तुकोबांची पालखी दरवर्षी गावात मुक्कामाला असते, पण जनी, मुक्ता, बहिणा काही पाळण्यापर्यंत पोचत नाहीत. पालखीबरोबर पुढं जातात. शेजारच्या साताऱ्यात २०११ साली दोनशेहून अधिक 'नकुशीं'ना सरकारी समारंभात नवी नावं द्यावी लागली. ते नाव ठेवताना 'जरा जास्तच होतंय का' हे कुणी विचारलं नव्हतं. असो. आणि बाळाच्या आईचं मत? १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. तेवढ्यावर वहिनीनं समाधान मानावं, असं आत्याबाई म्हणतात.