शंभराव्या रात्रीनंतरचं वेड

मोठ्या हॉटेल साखळ्यांमध्ये वर्षाला शंभर रात्री झोपणाऱ्या माणसाला आणखी एक माणूस दिला जातो. मॅरियटच्या ‘बॉनवॉय’ योजनेत ही सगळ्यात वरची पायरी, तिचं नाव ॲम्बेसेडर. वर्षात शंभर रात्री आणि 23,000 डॉलर खर्च, म्हणजे वीस लाख रुपयांच्या आसपास, एवढं झालं की तुमच्यासाठी एक जण नेमला जातो. तुम्हाला पिसांची उशी चालत नाही, लिफ्टजवळची खोली नको असते, चहात साखर नको असते, हे सगळं त्याच्याजवळ नोंदलेलं राहतं. खोली किती वाजता ताब्यात हवी ते पाहुण्यानं दोन दिवस आधी सांगायचं. रात्री नऊला हवी असेल तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत ती त्याची. हयातच्या योजनेत साठ रात्रींना ‘ग्लोबलिस्ट’ होता येतं, आणि तिथंही पाहुण्याची कामं बघायला स्वतंत्र माणूस मिळतो.

शहाण्या माणसांना हे सगळं वेडगळ वाटतं. मला ते वेड फार मोलाचं वाटतं आणि त्याची स्तुती करावी म्हणूनच लिहितो आहे.

या वेडाला चांगली परंपरा आहे. 1929 साली पॅरिसमध्ये मोठ्या हॉटेलांतल्या पाहुण्यांची कामं बघणाऱ्या काही जणांनी मिळून आपली संघटना बांधली. कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्यांची फुली ही तिची खूण, आणि ती आज जगभर ओळखली जाते. नाटकाचं तिकीट, रात्री दोनला डॉक्टर, हरवलेली बॅग, पाहुणा मागेल ते शोधून आणायचं हे त्यांचं काम. पुढं 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या दोघांनी वारंवार येणाऱ्यांसाठी गुण मोजायला सुरुवात केली. दोन वर्षं आधी एका अमेरिकन विमान कंपनीनं मैल मोजायला घेतले होते, त्यावरूनच ही युक्ती सुचली. तेव्हापासून नेमानं येणाऱ्या पाहुण्याचं कौतुक धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखं होऊ लागलं. फरक एवढाच, की जावयाला तीन वर्षं वाट बघावी लागते.

पाहुणेही या वेडाला उत्तर देतात. डिसेंबर संपत आला आणि पायरीला चार रात्री कमी पडल्या, की माणूस आपल्याच शहरातलं स्वस्तातलं हॉटेल शोधतो, नाव लिहून किल्ली घेतो आणि घरी येऊन झोपतो. रात्र जमा झाली! अमेरिकेत या फेरीला नावही आहे आणि तिचे जाणकारही आहेत. पैसे देऊन न झोपणं हा कोणत्याच हिशेबात न बसणारा प्रकार. पण मान मिळावा, आपल्याला ओळखणारं कुणी असावं, यासाठी माणूस काय करेल याचा इतका उघड पुरावा मला दुसरा माहीत नाही. त्याला हसू नये.

मुद्द्याची गोष्ट पुढंच आहे. या योजनांच्या मुळाशी एक साधा नियम आहे: जो पुन्हा पुन्हा येतो, त्याची सोय पहिल्यांदा येणाऱ्यापेक्षा चांगली असली पाहिजे. कुणीही हिशेबी माणूस म्हणेल, जो येणारच आहे त्याच्यावर खर्च कशाला? मॅरियटनं हा शहाणपणा ऐकला नाही. सहाशे रात्री आणि पन्नास रात्रींच्या पायरीची दहा वर्षं पुरी झाली, की प्लॅटिनम मान तहहयात मिळतो. मग पुढं एकही रात्र आला नाहीत तरी तो जात नाही. इतका उदार नियम कागदावर लिहून ठेवणाऱ्यांना मी मनापासून मानतो. तो नियम धारूरला लागू व्हावा एवढंच माझं म्हणणं आहे.

धारूर हे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या कड्यावरचं गाव. पाहुण्यांची सवय त्याला जुनी आहे. आदिलशाहीचा सरदार किश्वरखान यानं सोळाव्या शतकात इथं किल्ला बांधला, मग निजामशाही आली, 1631 मध्ये शाहजहानच्या फौजेनं किल्ला घेतला आणि गावाचं नाव फतेहाबाद करून टाकलं. सगळे आले, राहिले, गेले. खडकाळ माळ आणि डोंगरउतारावरची सीताफळं तेवढी टिकली. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सीताफळावर वर्ष निघत नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातून माणसं ऊस तोडायला निघतात. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांवर भांडी, पत्रे, सरपण, शेळ्या, पोरं आणि वर बसलेल्या बाया. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी सोलापूर-नगरकडं, कुणी पार बेळगावच्या बाजूला. गावात म्हातारी माणसं राहतात.

आता रात्री मोजू. हंगाम चार ते सहा महिने चालतो. लहानात लहान हंगाम धरला तरी एकशे वीस रात्री. म्हणजे धारूर तालुक्यातली ऊस तोडणारी कोणतीही बाई पहिल्याच वर्षी ॲम्बेसेडरच्या शंभर रात्री ओलांडते. पाच हंगामांत तिच्या सहाशे रात्री भरतात. वर्षांची अटही अनेकींनी तिशीच्या आत पुरी केलेली असते, कारण त्या लग्नानंतर लगेच उसाच्या फडावर आल्या. रात्र जमा करायला तिनं कधी खोटी फेरी मारलेली नाही. एकूण एक रात्र ती तिथं खरोखर झोपली आहे.

खर्चाची अट राहिली. तीही बघू. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो आणि गाडीत भरतो. शंभर दिवसांचे दोनशे टन धरा. शेकडा दहा उतारा धरला तर वीस टन साखर झाली. 2019 साली ठरलेल्या 31 रुपये किलो या किमान विक्री दरानं तिची किंमत सहा लाख वीस हजार रुपये. मळी, बगॅस, इथेनॉल यात नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि तो टनाला साधारण 366 रुपये झाला. दोनशे टनांचे त्र्याहत्तर हजार होतात, दोन माणसांचे, सगळ्या हंगामाचे. उसाच्या धंद्यातला इतका नेमानं येणारा आणि इतकं मिळवून देणारा पाहुणा कुणाच्या नोंदवहीत पाहुणा म्हणून नाही.

स्वतंत्र माणूस मात्र त्यांनाही मिळतो. तो मुकादम, ऊसतोडीची टोळी जमवणारा. हॉटेलच्या माणसाला उशी माहीत असते, मुकादमाला घरातलं सगळं माहीत असतं: कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कुणाची विहीर खचली, कुणाच्या बापाचं ऑपरेशन अडलंय. पावसाळ्यातच तो दारात येऊन उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. लग्न त्या उचलीवर होतं, दवाखाना तिच्यावर होतो. मग हंगामभर तोडलेल्या उसातून ती फिटत राहते. मुकादमाबद्दल एका रंगात बोलणं मला पटत नाही. तो बहुधा त्याच गावचा, पूर्वी स्वतः कोयता धरलेला. कारखान्याकडून घेतलेल्या पैशाला तो स्वतः बांधलेला असतो, आणि टोळी पळाली तर त्याचं शेत जातं. फडावर रात्री कुणाला साप चावला तर गाडी काढणाराही तोच असतो. त्याच्या हातात काय दिलं आहे ते बघा. हॉटेलच्या माणसाला पाहुण्यासाठी खर्च करायची मुभा दिलेली असते. मुकादमाला वसुलीचं काम दिलेलं असतं, आणि त्याचं कमिशन उसाच्या टनावर ठरतं.

दोन्ही योजनांत शिल्लक पुढं जाते. बॉनवॉयचे गुण दोन वर्षं वापरात राहिले नाहीत तर बाद होतात. फडावरची बाकी बाद होत नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, घरी निघायची वेळ झाली आणि उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामाला जोडली जाते, आणि पुढच्या हंगामाला यावंच लागतं. एवढी पक्की निष्ठा कोणत्याही हॉटेलला मिळवता आलेली नाही.

हॉटेलांचं वेड सोडून साखरेच्या धंद्यानं शहाणपणा धरला, तो असा. हॉटेलात वरच्या पायरीच्या पाहुण्याला दुपारी चारपर्यंत खोली सोडावी लागत नाही. फडावर थंडीत पहाटे तीन-चारला उठून अंधारात तोड सुरू होते आणि गाडी रात्री अकराला आली तरी भरून द्यावी लागते. हॉटेलात चांगली खोली मोकळी असेल तर न मागता दिली जाते. फडावर दहा हंगाम केलेल्या जोडप्याला पहिल्या हंगामाच्या जोडप्याइतकीच जागा मिळते: बांबू, ताडपत्री आणि पाचट, त्यात वाकून शिरायची कोपी. पाणी कालव्याचं किंवा शेतकऱ्याच्या मोटारीचं, वीज आली तेव्हा. संडास उसात. ऊस तोडून संपत जातो तसा आडोसाही संपत जातो, हे फडावर राहिलेल्या बाईलाच ठाऊक.

आणि एक पाटी आहे. हॉटेलच्या दाराच्या मुठीला अडकवायची, त्रास देऊ नका म्हणून सांगणारी. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यालाही ती मिळते. ती लावली की कुणी दार वाजवत नाही, कारणही विचारत नाही. फडावर अशा दिवसाला खाडा म्हणतात. मजुरी बुडते आणि वर दंड लागतो, तो कधीकधी दिवसाच्या कमाईपेक्षाही जास्त. दोघांपैकी एक बसला तरी कोयता मोडला असं धरतात. ताप आहे, पाळी आहे, पाच दिवसांपूर्वी बाळंत झाली, सगळं खाड्यात. 2019 मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत: कमी वयात लग्न, लवकर बाळंतपणं, स्वच्छतेअभावी होणारे आजार, कर्करोगाची भीती घालणारे खासगी दवाखाने. पण पाळीच्या दिवसाला मोजावा लागणारा खाडा त्या यादीत आहे, आणि तो काढून टाकायला कोणत्याही डॉक्टरची गरज नाही. दाराच्या मुठीवरची ती पाटी छापायला रुपयाही लागत नसेल.

म्हणून मला हे वेड इकडं आणायचं आहे, जसंच्या तसं. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागं कारखान्यांनी 10 रुपये आणि सरकारनं तेवढेच द्यायचे असं ठरलेलं आहे. कामगारांना ओळखपत्रं देण्याचं कामही सुरू झालेलं आहे. त्या ओळखपत्रावर रात्री मोजाव्यात. पहिल्या हंगामाला कोपीऐवजी पत्र्याची, दाराला कडी असलेली खोली, जवळ नळ आणि दिवा. दुसऱ्या हंगामापासून महिन्याला चार दिवस, विचारपूस न करता, खाड्याविना. सहाशे रात्री झाल्या की बाकी माफ. बाळंतीण असेल तर हंगामभर उचलीला हात लावायचा नाही. दहा वर्षांनी मान तहहयात, म्हणजे निवृत्तिवेतन. वेगळा माणूस नेमायचा तर टोळीतलीच एखादी शिकलेली बाई नेमावी. तिचा पगार टनावर ठेवू नये. बीड जिल्ह्यात फडावर आरोग्याचं काम करणाऱ्या बायका टोळीतूनच तयार करण्याचे प्रयत्न झालेले आहेत, त्यामुळं हे अशक्य म्हणता येणार नाही.

हयातच्या योजनेत आपला मान दुसऱ्याला देता येतो. तुमच्या नावावर दुसरा पाहुणा येतो आणि त्याला तुमच्यासारखंच वागवतात. फडावरच्या आईचा मान तिच्या मुलीला देता आला पाहिजे. आज मुलगी आईबरोबर फडावर येते, धाकट्याला सांभाळते, उसाचं वाढं वेचते आणि शाळेच्या पटावर नुसतं नाव राहतं. गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना आली. जिथं हे नीट चाललं तिथं पोरी दहावीपर्यंत गेल्या. आईच्या शंभर रात्रींमागं मुलीची वसतिगृहातली जागा पक्की, पाऊस कमी झाला म्हणून किंवा अनुदान उशिरा आलं म्हणून ती रद्द होणार नाही, एवढी हमी पुरे. मुलगी घरी राहिली की तिचं लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकायची घाईही कमी होते. फडावर वयात आलेली मुलगी न्यायची भीती आणि गावात एकटी ठेवायची भीती, या दोन्हींतून ती घाई येते.

खर्चाचं काय, असं शहाणे विचारतील. सहा लाख वीस हजारांचा हिशेब वर दिला आहे. त्यातला दहावा भाग एका कोयत्याच्या खोलीवर, नळावर आणि चार सुट्ट्यांवर गेला तरी साखर कडू होत नाही. शिवाय तोडणी यंत्रं येतात, तरी लहान रानांत आणि ओल्या जमिनीत यंत्र अजून कोयत्याला पुरं पडत नाही. माणसं लागणारच आहेत.

गाळपाची तारीख दरवर्षी मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. कारखान्यांना त्या हंगामासाठी गाळप परवाना लागतो, आणि शेतकऱ्यांची देणी थकवली तर परवान्याची अडचण होते. याच बैठकीत परवान्याच्या अटींत आणखी एक अट घालता येईल: कोणत्या तळावर किती खोल्या, किती नळ, किती संडास बांधून झाले, याची यादी कारखान्यानं आधी द्यायची. बैठक पावसाळा सरता सरता होते. तेव्हा धारूरच्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या अजून रिकाम्या असतात, आणि एक नळ बसवायला पंधरा दिवस पुरतात.