दुःखाला एक, दारूला चार

सरकारने आपल्या डोक्याची वाटणी किती नीटनेटकी केली आहे, हे टोल-फ्री क्रमांक पाहिले की कळतं. मन उदास असेल तर १४४१६ : आरोग्य खात्याचं टेलि-मानस. दारू सुटत नसेल तर १४४४६ : सामाजिक न्याय खात्याची हेल्पलाइन. फरक एका आकड्याचा. उदास आहे म्हणून पितो आणि पितो म्हणून उदास होतो, अशा नागरिकाने आज आपण कोणत्या खात्याचे हे आधी ठरवून फोन उचलावा. हात थरथरून चौथा आकडा चुकला, तर खातं बदलतं.

फोनवर भागलं नाही तर बायको त्याला घेऊन सिव्हिलला जाते. तिथे केसपेपर काढून, नंबर लागून कळतं, ‘आधी दारू बंद करा, मग डिप्रेशनचं बघू.’ मग व्यसनमुक्ती केंद्र. तिथे सांगतात, ‘आधी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणा, असे पेशंट आम्ही घेत नाही.’ लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण रचणारा बहुधा याच रांगेत उभा असावा.

कायद्याचा मात्र असा गोंधळ नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतले आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. व्याख्या कायद्यात पोचली; खिडकीवरच्या माणसापर्यंत पोचायला मात्र तिलाही केसपेपर लागत असेल.

रांगा लांबतात अशी ओरड करणाऱ्यांनी सामाजिक न्याय मंत्रालयाचाच २०१९चा अहवाल वाचावा. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळतो आणि १८० जणांमागे एकजण दाखल होतो. बाकीचे रांगेत येतच नाहीत. गर्दीचं इतकं चोख नियोजन कुंभमेळ्यातही जमलेलं नाही.

हे बाकीचे जातात कुठे? आत्याबाई म्हणतात, पंढरीची माळ घाला. एसटी स्टँडची भिंत म्हणते, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. भिंतीला चिठ्ठी लागत नाही, आणि ती दुपारच्या जेवणाला बंदही होत नाही.

तेव्हा एक नम्र सूचना : उपचाराचं सगळं काम राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे द्यावं. बहुतेक तालुक्यांत त्यांची परवानाधारक दुकानं आहेत. पिण्याचा एक दिवसाचा परवाना देशीला २ रुपये, विदेशीला ५. गल्ल्यावरच मिळतो, कोणी ‘आधी हे करून या’ म्हणत नाही. आजीवन परवान्याच्या नमुन्यात तर तो आरोग्य टिकवण्यासाठी असल्याचंच लिहिलेलं आहे, म्हणजे कागद नव्याने छापायला नकोत. मे २०२०मध्ये, टाळेबंदीत, दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली होती. तेव्हा गोळ्या घरपोच देणंही अशक्य नसावं.

अडचण एकच. बरा झालेला माणूस पुन्हा गिऱ्हाईक होत नाही. महसुलाच्या वार्षिक उद्दिष्टात ही तूट कोणत्या रकान्यात दाखवायची, तेवढं अर्थ खात्याने कळवावं.