दांडा पृथ्वीचा, केस नायलॉनचे

बांबूचा टूथब्रश ही पर्यावरणस्नेही वस्तूंमधली सर्वांत यशस्वी जात. त्याचा दांडा बांबूचा असतो व तो मातीत कुजतो. केस बहुधा नायलॉनचे असतात व ते कुजत नाहीत. म्हणजे दात घासणारा भाग प्लॅस्टिकचा आणि पृथ्वी वाचवणारा भाग नुसता मुठीत धरायचा. ब्रश टाकण्यापूर्वी केसांचे झुपके पक्कडीने उपटून वेगळे करावेत, अशी शिफारस केली जाते. ताडोबाच्या कॅमेऱ्यांत वाघ सापडतात. असे झुपके उपटणारा गृहस्थ अजून सापडायचा आहे.

बांबूच्या कपाची मजल याच्याही पुढे. बांबूचा भुसा मेलामाइनच्या राळेत कालवून तो घडवतात. ही राळ धड कुजत नाही, आणि गरम चहा ओतला तर मेलामाइन व फॉर्मल्डिहाइड चहात उतरू शकते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा भांड्यांविरुद्ध मोहीमच उघडली.

चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूचे कौतुक तसे उशिरा सुरू झाले. वनस्पतिशास्त्रात हे गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र ते झाड होते. वनाबाहेरच्या बांबूची या बढतीतून सुटका २०१७ मध्ये झाली. त्याआधी बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जंगलातला बांबू वर्षानुवर्षे सुखाने जात असे. अडचण यायची ती गावाने तोडला की. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले, आणि ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. आता चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबूचे सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे.

या साऱ्या धामधुमीत बुरडाच्या सुपाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बांबू चिरायचा, कामट्या तासायच्या, विणायच्या, एवढाच त्याचा कारखाना. वीण सैल झाली की कागदाचा लगदा आणि मेथीचे पीठ कालवून लिंपायचे. अगदीच मोडले की चुलीत घालायचे. त्यावर हिरव्या पानाचा शिक्का नसतो, म्हणून ते पर्यावरणस्नेही ठरत नाही. बाजारात त्याची जागा प्लॅस्टिकच्या सुपाने घेतली आहे. बांबूच्या ब्रशाचे गिऱ्हाईक धान्य पाखडते ते बहुधा त्याच सुपात.

तेव्हा घरातला प्लॅस्टिकचा ब्रश आधी झिजू द्यावा. बांबूवर पैसे खर्चायचेच असतील, तर ते बुरडाच्या हातात द्यावेत.