कोणाकडे जायचंय?

2001 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 97,948 होती. 2011 मध्ये ती 1,74,226 झाली. पाळण्यातली सोडली, तरी हजारोंच्या संख्येनं अनोळखी माणसं दहा वर्षांत गावात शिरली आणि एकालाही कोणी हटकलं नाही. उलट बिल्डरनं पेढे भरवून चाव्या हातात दिल्या. ही माणसं आता गेटवर उभी राहून विचारतात, "कोणाकडे जायचंय?"

आमच्या बाजूच्या सोसायटीत नुकतीच दक्षता समिती नेमली गेली. 'अनोळखी व्यक्ती दिसल्यास त्वरित कळवावे' असा फलक लागला. पहिल्याच संध्याकाळी तीन संशयित पकडले गेले. त्यातले दोघे बी विंगमधले सभासद निघाले. तिसरा एका सभासदाचा जावई. तो पुन्हा येईल की नाही, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा आहे.

रात्री अकरा ते एक गस्त असते. शिट्टी, टॉर्च, काठी, सोबत थर्मासमधला चहा. गस्त रात्रीच का, तर सदस्य तेव्हाच घरी असतात. सीएसएमटी इथून 68 किलोमीटर. कमावता माणूस उजाडायच्या आत लोकल पकडतो आणि दिवेलागणीनंतर परततो. सकाळी दहानंतर कात्रपपासून शिरगावपर्यंत जिने चढून पाहा, दारोदार बाहेरून कुलूप. घरफोड्याच्या दृष्टीनं ते कुलूप नसतंच, 'आत कोणी नाही' अशी पाटी असते. तो भरदुपारी येतो, कोयंडा उचकटतो, कपाट रिकामं करतो आणि गस्त सुरू व्हायच्या आत जेवून झोपलेलाही असतो. दोन्ही पक्षांनी वेळा अशा वाटून घेतल्या आहेत की भांडणाचा प्रसंगच येऊ नये.

दिवसा पहारा नाही असं मात्र नाही. भंगारवाल्याला गेटबाहेर थांबवतात. बोहारणीचं गाठोडं उघडायला लावतात. आरोग्य खात्याच्या आशाताईंना ओळखपत्र दाखवूनही दहा मिनिटं उन्हात उभं करतात. आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड, हातात फाइल असलेला तरुण "काका, गॅसची नळी तपासायला आलोय" म्हणाला की वॉचमन स्वतः लिफ्टचं बटण दाबून देतो. भामट्यांनी हे कधीच ओळखलं आहे. दागिने उजळून देणारे आधी फुकटात पितळेचा तांब्या लखलखीत करतात, मग पाटल्या मागतात आणि "डबा दहा मिनिटांनी उघडा, मावशी" असं बजावून जातात. तोतया पोलीस तर आणखी मायाळू. "पुढे खून झालाय, आजी, दागिने काढून रुमालात बांधा." कोणताही पोलीस भररस्त्यात आपल्या मंगळसूत्राची इतकी काळजी करत असेल, तर 112 फिरवायला हरकत नाही.

खरे पोलीस बिचारे दर सुट्टीत सांगतात की बाहेरगावी जाताना शेजाऱ्याला कळवा. आपण कळवतो, पण व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. गणपतीला कोकणात निघालेलं कुटुंब कल्याण यायच्या आत चारशे जणांना सांगून मोकळं होतं की घर सात दिवस बंद आहे. समोरच्या दाराला तेवढं ठाऊक नसतं, कारण पार्किंगवरून बोलणं बंद.

समितीच्या ग्रुपवर परवा 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात' असा मजकूर फिरला. खाली सव्वीस अंगठे आणि एक "दिसले की धरा". इथं माझी थट्टा थांबते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं भिक्षेसाठी फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं गेलं. त्या दिवशीही कोणीतरी फक्त दक्ष राहायला निघालं होतं. ग्रुपवरचा तो मजकूर कोणी मागे घेतलेला नाही. त्याखाली आता पाणीपट्टीची सूचना आली आहे.

या सगळ्यात एकच पहारा चालतो, तो तळमजल्यावरच्या आजींचा. गुडघ्यांमुळे दिवसभर खिडकीशी. कोणाकडे कोण आलं, किती वाजता गेलं, येताना पिशवी भरलेली होती की जाताना, सगळं तोंडपाठ. गेल्या महिन्यात दोघं जण तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही 'दुरुस्तीला' म्हणून खाली उतरवत होते. आजींनी खिडकीतूनच विचारलं, "कोणाचा रे? टीव्ही बिघडल्याचं तर ते काही बोलले नाहीत, कुठे नेताय?" टीव्ही जिन्यातच राहिला, माणसं राहिली नाहीत. वॉचमनला हे आजींकडूनच कळलं. याच आजींना सोसायटीत भोचक म्हणतात, आणि ज्यांचा टीव्ही वाचला ते तर जरा मोठ्यानंच म्हणायचे.

त्यांना समितीत घ्यावं, असं कोणीतरी सुचवलं. सेक्रेटरींनी उपविधी काढले. फ्लॅट मुलाच्या नावावर, सबब आजी सभासद नाहीत. त्यांच्याऐवजी मुलाला घेतलं. तो पहाटे 5:40 ला निघतो. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि आजींना कळवायला सेक्रेटरी खाली गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते राहू दे हो. मीटिंगला बसलात, पण वर तुमचं दार उघडं टाकून आलात."