१४५ घोडे, पुढे पीएमटी

आमच्या घराण्यात पगार वाढला की पूर्वी सोनं घ्यायचे, मग वन बीएचके घेऊ लागले. भाच्याला स्पोर्ट्स कार हवी होती. सेकंडहँड, पण नव्यासारखी. वेगवान, पण रोज कोथरूडहून हिंजवडीला न्यायला. शिवाय ‘रिलायबल’, म्हणजे घरच्यांना त्रास न देणारी. इतक्या अटी पूर्वी फक्त वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर वाचायला मिळायच्या.

“मामा, ही बघ,” त्यानं मोबाइल पुढे केला. बारा वर्षांची जर्मन टू-सीटर, बटण दाबलं की टप उघडणारी. मागणी अठरा लाख. “नवी होती तेव्हा साठ लाखांच्या वर होती. म्हणजे बेचाळीस लाख वाचले!”

हे गणित ज्यानं शोधलं, त्याचं स्वतःचं गॅरेज असणार. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. अठरा लाखांच्या गाडीलाही ब्रेक डिस्क लागते ती साठ लाखांच्या गाडीचीच. टपाची मोटर बिघडली तर तीही त्याच घराण्यातली. आणि पुण्यात टप उघडायचा कधी? मे महिन्यात डोकं भाजतं, जुलैत मांडीवर तळं साचतं, आणि थंडीत सिग्नलला शेजारी उभ्या टेम्पोचा धूर थेट पाहुणा म्हणून आत येतो.

जाहिरातीत पुढे लिहिलं होतं, ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त रविवारी बाहेर काढलेली.’ सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात डॉक्टर सोडून कोणी गाडी घेतच नाही, असं दिसतं. पण रविवारी काढलेली ही शिफारस आहे की तक्रार? उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी चपटे पडतात, रबरी सील कडक होतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. खोबणी नव्यासारखी आणि जन्म २०१९चा असेल, तर डॉक्टरांनी रविवारीही गाडी काढलेली नाही.

दुसरी गाडी याच्या नेमकी उलट. तरुण मालक, गाडी चकाचक, बोनेट उघडल्यावर इंजिन इतकं धुतलेलं की त्यावर पोहे खावेत. धुतलेलं इंजिन मला धुतल्या तांदळासारखं कधीच वाटलं नाही. तेल कुठून गळतं हे लपवायचा तो सर्वांत स्वस्त उपाय. “गाडी एकदम स्टॉक आहे, अंकल,” मालक म्हणाला. स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी. मग मागच्या सायलेन्सरच्या क्लॅम्पवर ताजे ओरखडे का? टर्बो गाडीचा रिमॅप करायचा, म्हणजे लॅपटॉप लावून ताकद वाढवून घ्यायची, दोन वर्षं एक्स्प्रेसवेवर हौस भागवायची, आणि विकायच्या आदल्या आठवड्यात सगळं पूर्ववत करायचं, ही रीत जुनी आहे. सॉफ्टवेअर पुसता येतं. क्लच आणि गिअरबॉक्सनं जे सोसलं, ते पुसता येत नाही.

भाचा हिरमुसला. “अमेरिकेत बरं आहे. तिथे सरळ मियाटा घेतात.”

खरं आहे. माझ्दाची एमएक्स-५ मियाटा १९८९ साली आली ती टनभरापेक्षाही कमी वजनाची. इंजिन साधं, गिअर हाताने टाकायचे. २०१६ पर्यंत तिनं दहा लाखांचा आकडा गाठला. ‘रोज चालवता येईल अशी जुनी स्पोर्ट्स कार’ या प्रश्नाला तिकडे एका शब्दात उत्तर मिळतं. इकडे ती कंपनीनं कधी विकलीच नाही. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, उजव्या स्टिअरिंगची हवी, मुंबई बंदरातूनच यायला हवी, आणि तिच्या किमतीपेक्षा जास्त तिची ड्युटी. एवढं करून ती पुण्यात आलीच, तर पार्टसाठी पुन्हा बंदर गाठायचं.

म्हणून मी त्याला रांजणगावचा रस्ता दाखवला. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये फियाटनं अबार्थ पुंतो काढली. १.४ लिटर टर्बो इंजिन, १४५ घोडे, चारही चाकांना डिस्क ब्रेक, शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत. दिसायला? शेजारच्या काकांच्या पुंतोसारखीच, फक्त अंगावर विंचवाचा शिक्का. हाच तिचा मोठा गुण. दरवाजा, काच, वायपर, बटणं, सगळं काकांच्याच गाडीचं. इंजिनही लिनिया टी-जेटच्या कुळातलं. खोट एकच, आणि ती मोठी: फियाट आता इथे गाड्या विकत नाही. तेव्हा या गाडीबरोबर एक पार्ट जमवणारा मेकॅनिकही दत्तक घ्यावा लागतो. आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागायचं. ‘बदललाय की’ हे बिल नव्हे.

दुसरी चाकणची, पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर टर्बो, १०५ घोडे, चालवायला लाडाची. मात्र तिच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सनं जगभर डोकेदुखी दिली. २०१३ मध्ये फोक्सवॅगननं एकट्या चीनमध्ये या बॉक्सपायी ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. या बॉक्सला सर्वांत जास्त काय टोचतं, तर मुंगीच्या चालीनं सरकणारी रहदारी. म्हणजे हिंजवडी. ट्रायल घेताना मोकळ्या रस्त्यावर दामटू नका. चढावर, गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगवा. झटका देते का, ते तिथे कळेल.

तिसरी श्रीमंतांची, श्कोडा ऑक्टाविया आरएस. २०२०ची आरएस २४५ भारतात फक्त २०० आली, ३६ लाखांना. पाच माणसं, सुटकेसी आणि दिवाळीचा फराळ सहज मावतो. सोसायटीच्या वॉचमनला ती ऑक्टावियाच वाटते. मालकाचा थोडा अपमान होतो खरा, पण बऱ्याच पार्टच्या बाबतीत वॉचमनचं बरोबर असतं, आणि तोच मालकाचा फायदा.

इथे भाच्याचा चेहरा पडला. “पण मामा, मग लोकांना कळणार कसं?”

अखेर दुखणं सापडलं. स्पोर्ट्स कार चालवायची वेगळी आणि दाखवायची वेगळी. दाखवायची असेल तर जर्मन टू-सीटर घे, महिन्यातून एकदा काढ, रोजच्यासाठी रिक्षा लाव. एकूण स्वस्त पडेल.

कारण रस्ता काही तुझ्या बाजूचा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, कासवाच्या पाठीसारखा हवा. आपल्या सोसायट्यांनी उंचीचा आकडा वाढवून घेतला आणि रुंदीचा विसरून गेल्या. अबार्थचं पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटरवर, ती कशीबशी पार होते. टू-सीटर वरवंट्यासारखी घासत जाते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला मर्यादा शंभरची, घाटात साठची, आणि वर कॅमेरे. ताकद मिळते, ती वापरायची परवानगी वेगळी काढावी लागते.

पेट्रोलचंही बघ. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. जुन्या गाडीच्या पुस्तकात तेवढं चालतं का, ते वाच. नसेल तर रबरी नळ्या आणि सील मेकॅनिककडून तपासून घे.

मग कागद. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलनं किती थकलीत, चेसिस नंबर जुळतो का. पाटी पुदुच्चेरीची असेल तर हुरळू नकोस. तिकडे कर वाचवलेला असतो आणि इकडे तो भरणारा सापडलेला नसतो. आपल्याकडे वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेरा टक्के कर आहे, आणि आयात गाडीला वीस. विम्यातला नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा चिखल तिथे लपून बसतो.

आणि बजेट बारा लाख असेल तर गाडी नऊची घे. उरलेले तीन लाख वाचलेले नाहीत, ते पहिल्या वर्षीचं देणं आहे. टायर, ब्रेक, क्लच, बेल्ट, सगळे नव्या मालकाचीच वाट बघत असतात.

तीन महिने शोधून भाच्यानं अबार्थ घेतली. पहिला मालक शिक्षक. त्याच्याकडे पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारीखवार फाइल केलेली होती. गाडीला दरवाजावर एक पोचा होता, तोही त्यानं स्वतःहून दाखवला. तिथेच मी भाच्याला खूण केली. जुनी गाडी घेताना आपण आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतो, पत्रा सोबत येतो.

गेल्या आठवड्यात भाच्याबरोबर चांदणी चौकातून गेलो. १४५ घोडे, पुढे पीएमटीची बस, वेग ताशी अकरा किलोमीटर. गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही. आमच्या शहरात विश्वासू स्पोर्ट्स कारची हीच परीक्षा, आणि ती पास झाली. तुम्हीही घ्यायला निघाला असाल, तर मेकॅनिकला बरोबर न्या, आणि फाइल बघेपर्यंत बोनेट उघडू नका.