वेल्क्रोकाका

मे महिन्यात महापेच्या एमआयडीसीत रस्त्यावर चप्पल चिकटते, आणि आमच्या डेटा सेंटरच्या हॉलमध्ये माणसं स्वेटर घालून वावरतात. त्या हॉलमध्ये अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कमरेला वेल्क्रोचं रीळ अडकवून फिरणारा एकच इसम होता. खरं नाव हजेरीपटावर असेल. आमच्यासाठी ते वेल्क्रोकाका.

काकांची उमेदवारी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. तिथे तारांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायचे, गाठीगाठीतलं अंतर सारखं ठेवून. त्यामुळे केबलीवर प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळलेला दिसला, की सोवळ्यातल्या आजीच्या पाटावर कुणी चप्पल ठेवावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

"अरे, गळा आवळतोयस तिचा! आत चार जोड्या आहेत, प्रत्येकीचा पीळ वेगळा. पीळ वेगळा आहे तोवर एक दुसरीचं ऐकत नाही. तू आवळलंस की लागल्या एकमेकींच्या कानात कुजबुजायला."

कॉलेजात ज्या क्रॉसटॉकने माझा एक पेपर खाल्ला होता, तो असा तीन वाक्यांत समजला. केबल वळवायची तर तिच्या जाडीच्या किमान चौपट त्रिज्येने, हा दुसरा नियम. सहा मिलिमीटरच्या केबलला चोवीस मिलिमीटर. मोजायला काका पट्टी वापरत नसत. खिशात कटिंग चहाचा रिकामा ग्लास असायचा. केबलचं वळण त्याच्या बुडाला नीट बसलं तर पास.

आता अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे शिक्षाच. एक पॅच कॉर्ड लावायला माणसाला पाच मिनिटं लागतात, काकांना तास. आधी लांबी मोजणार, मग दोन्ही टोकांना लेबल, मग ती बाजूच्या केबल मॅनेजरमधून नेणार, मग चार पावलं मागे सरून देवाला नवा हार घातल्यासारखी बघणार, आणि मग सगळं सोडून पुन्हा. दोन्ही टोकांना लेबल ही सवय इतकी हाडीमासी खिळलेली, की त्यांच्या डब्यावर आणि डब्याच्या झाकणावर एकच नंबर चिकटवलेला असे.

पण केबल हे निमित्त. काकांचं खरं वैर हवेशी.

"हवा घरजावयासारखी असते," ते म्हणायचे. "बसल्या जागी सोय झाली, की कामावर जात नाही."

रॅक एकमेकांकडे तोंड करून उभे असतात. समोरच्या गल्लीत थंड हवा. यंत्रं ती पुढून ओढतात आणि मागच्या गल्लीत गरम करून सोडतात. रॅकमध्ये एक यू, म्हणजे पावणेदोन इंच, जरी मोकळा राहिला, तरी मागची गरम हवा त्या भोकातून पुढे येते आणि पुन्हा यंत्राच्याच नाकात शिरते. काकांच्या भाषेत हे उष्टं. "एकदा खाल्लेलं परत पानात वाढायचं नाही," म्हणत ते मोकळ्या जागी प्लेटा बसवत जायचे.

एकदा एका नेटवर्क रॅकमधला स्विच तापाने फणफणला. हवा आत घेतो तिथे अडतीस अंश. ॲश्रे ही अमेरिकेतल्या अभियंत्यांची संस्था अठरा ते सत्तावीसची शिफारस करते. साहेबांनी फर्मान काढलं, हॉलचा एसी आणखी खाली आणा. आणला. वॉचमनने मफलर गुंडाळला, स्विच अडतीसवरच.

हवा कुठून कुठे जाते ते धुराने दिसेल, म्हणून मी मोठ्या हुशारीने अगरबत्ती घेऊन आलो. काकांनी दारातच माझं मनगट धरलं. "पेटवलीस तर छतातला भोंगा केकाटेल, गॅस सुटेल आणि उद्या तुझ्या फोटोपुढे लावू हीच." मग खिशातून टिश्यू पेपरची एक बोटभर पट्टी काढली आणि स्विचवरच्या तीन यू मोकळ्या जागेपुढे धरली. ती आत ओढली जायला हवी होती. ती आमच्याकडे फडफडत आली. हात लावून पाहिला तर वाफारा.

"थंडी भरपूर आहे, बाळा. वाट नाहीये."

मागचं दार उघडलं तर केबलींचा गुंता पंख्यांच्या तोंडावर जटांसारखा लोंबत होता. रात्री बारा ते चारची परवानगी काढून काका आणि मी बसलो. केबलमध्ये सूर सोडणाऱ्या टोनरने एकेक केबल शोधत गेलो. अकरा केबली कुठेच जात नव्हत्या. पलीकडे यंत्रच नव्हतं. पण काढली आणि काही बंद पडलं तर, या भीतीने वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. "पितर आहेत हे," काका म्हणाले आणि हलक्या हाताने एकेक ओढून काढू लागले. उरलेल्या बाजूला घेऊन वेल्क्रोत बसवल्या. केबली आत शिरतात त्या भोकाला ब्रशची पट्टी लावली. पुढे तीन प्लेटा. पहाटे काकांनी पुन्हा टिश्यू धरला, तो लोंबकळत गप्प राहिला. स्विच पंचविसावर. एसी होता तिथे परत आणला, वर आणखी दोन अंश चढवला.

महिन्याच्या बैठकीत साहेब उभे राहिले. विजेचं बिल उतरलं होतं. आपण वेळीच दाखवलेली दूरदृष्टी, आपली धोरणं, आपलं नेतृत्व, असं भाषण रंगत गेलं. काकांचं नाव येईल म्हणून मी शेवटच्या रांगेत त्यांच्याकडे बघत होतो. विसाव्या मिनिटाला काकांनी खिशात हात घातला, टिश्यूची पट्टी काढली आणि डोळ्यांसमोर धरली. ती आमच्याकडे फडफडली.

काका माझ्या कानाशी वाकले.

"पुढूनच येतेय रे गरम हवा. एक यूची प्लेट आहे का तुझ्याकडे?"