उलट्या घडीचा बभ्रा

बाप्पा बाप्पा! जामसांवलीत शनिवारी दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की आता मारुतीच्या आधी लोकांची मनगटं दिसतात. सौंसरकडच्या कुण्या संत्राबागायतदाराच्या लेकानं आंबिया बहार विकला आणि ट्रॅक्टर बदलायचा सोडून घडी घेतली म्हणे. स्विस, आणि तीही चावीची! सेल नाही, गजर नाही, अंधारात उजेड नाही. दोन दिवस चावी द्यायची राहिली की बंद. किंमत कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांनाच ठाऊक आहे. मंदिराच्या पायऱ्यांवर दोन लाख असते, चहाच्या टपरीवर पाच होते, आणि सौंसरच्या स्टँडवर पोचेस्तोवर पंचवीस.

पैशाचं एक वेळ सोडा. हा माणूस घडी सोडतो, उलटी करतो आणि खिशातून भिंग काढून तिची पाठ पाहत बसतो! मागचं झाकण काचेचं. रांगेतल्या एका आजीनं शेवटी विचारलंच, "टाइम समोर असते ना बाबू, मंग मांगून काहून पाहून राहिला?"

वेळेचं तर नावच काढू नका. क्रोनोमीटरचं सरकारी थाटाचं प्रमाणपत्र मिळवलेल्या स्विस मशीनलाही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागं किंवा ६ सेकंद पुढं जायची मुभा असते. बाजारातली सेलवाली साधी घडी महिनाभरात पंधरा-वीस सेकंदांपलीकडं ढळत नाही. तिच्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चावीवाल्या उंची घडीतलं चक्र सेकंदाला बहुधा आठच ठोके देतं. हा निकाल १९६९ च्या नाताळातच लागला होता, सेइकोनं टोकियोत पहिली क्वार्ट्झ मनगटी घडी विकायला काढली तेव्हा. गंमत म्हणजे तेव्हा ती मोटारीच्या भावानं विकली गेली. आज अचूक घडी शे-दोनशेत मिळते आणि चुकणारीला मोटारीचा भाव.

मग तो भिंगातून पाहतो तरी काय? कडा पाहतो, कडा! मशीनवर ज्या धातूच्या पट्ट्या बसवतात, त्यांना ब्रिज म्हणतात. त्यांची प्रत्येक कड तिरपी तासून आरशासारखी घासलेली हवी. खरी परीक्षा आतल्या कोपऱ्याची. कापणारं यंत्र गोल फिरतं, म्हणून त्याचा कोपराही गोलच राहतो. दोन तिरप्या कडा आत टोकदार होऊन मिळाल्या असतील, तर तिथं माणूस कानस घेऊन बसला होता असं समजायचं. स्क्रूचं डोकं कथलाच्या तबकडीवर इतकं घासतात की एका बाजूनं ते काळंभोर दिसतं आणि जरा कललं की पांढरं लखलखतं. निळे काटे रंगवलेले नाहीत ना, तापवून निळे केलेत ना, हेही बघायचं. स्वित्झर्लंडात फिलिप द्युफूर नावाचे कारागीर आहेत; ते या कडांना शेवटची झिलई डोंगरातल्या जेन्शनच्या वाळक्या काडीनं देतात. काडीनं! इकडं लोक पऱ्हाटी चुलीत घालतात, तिकडं काडीनं लाखांची घडी घासतात. (खरं सांगायचं तर मीही भिंग मागून एकदा पाहिलं. कोपरा टोकदार होता. बराच वेळ भिंग परत दिलं नाही, ही गोष्ट घरी सांगू नका.)

यावर जुनी मंडळी खवळली नसती तरच नवल. त्यांच्या लग्नातली एचएमटी जनता अजून कपाटात आहे. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं कारखाना निघाला, तिथली ही १७ ज्वेलची चावीची घडी. पाठ साध्या पोलादाची, आत कसली झिलई आणि कसलं काय, पण पिढी निभावून नेली. आणि नशीब बघा, त्याच बंगळुरात २०१६ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हातातल्या हुब्लो घडीवरून गदारोळ झाला. किंमत सत्तर लाख असल्याचा आरोप, मित्रानं भेट दिल्याचा खुलासा, आणि शेवटी घडी सरकारजमा. त्याच वर्षाच्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळ-कारखाना बंद करायला मंजुरी दिली होती.

आता जनतेलाही भाव आलाय, आणि माझ्या मते खरी लफडी तिथंच आहेत. जुनी डायल खरवडून पोपटी, गुलाबी, जांभळी रंगवतात, त्यावर कंपनीचं नाव छापतात आणि 'अगदी कोरी, जुना स्टॉक' म्हणून खपवतात. शौकीन त्यांना 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात. छपाईची अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा वाकड्या, आणि कंपनीनं आयुष्यात कधी काढला नाही असा रंग. महाग घडी घेणाऱ्याला हसा खुशाल. त्याला निदान भिंगातून पाहता येतं. या पोपटी घड्या घेणारे मात्र भिंग विसरून फोटो पाहून पैसे पाठवतात.

जामसांवलीचा मारुती पूर्वी उभा होता, खाली धन आहे म्हणून कुणी मूर्ती हलवायला आलं तेव्हा तो आडवा झाला, असं इकडं सांगतात. तेव्हापासून तो निजलेलाच. त्याच्या दारात झाकणाखालचं धन शोधणाऱ्यांची गर्दी व्हावी, यालाही धाडस लागतं.

परवा टपरीवर हा घडीवाला लेक शॉकप्रूफची महती सांगत होता: चक्राच्या आसाला बारीक स्प्रिंगची गादी असते, घडी पडली तरी आस मोडत नाही. पांढुर्ण्याचे एक काका चहा संपवत म्हणाले, "असं का? मंग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीतल्या दगडांत घालून ये ना. जाम नदीच्या पात्रात, सावरगावच्या बाजूनं." लेकानं बाही खाली ओढली.